उबेची मोट



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संपाविषयी, बोनसविषयी, फार तर किमान वेतनाच्या कायद्याविषयी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी बोलणार आहे ते बर्फाच्या देशांविषयी. जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-तीस अंश उतरतो, तिथल्या माणसाने घर ऊबदार ठेवण्यासाठी पायाखालच्या गार जमिनीतूनच उष्णता कशी काढली, ही कल्पना सुचल्यापासून ती घरोघर पोहोचायला सव्वाशे वर्षे का लागली, आणि आजही ती काही घरांत का पोहोचते व काहींत का पोहोचत नाही, हा माझा विषय आहे. ज्या यंत्राने हे साधते त्याला हीट पंप म्हणतात; मी उष्मापंप म्हणेन. वरवर पाहता हा इंजिनियरांचा विषय वाटतो. पण त्याचा इतिहास वाचू लागलो तेव्हा पानोपानी मला खाणकामगार, भट्टीवाले, विंधणारे आणि भाडेकरू भेटले. म्हणून तो सांगण्याचा हक्क मला आहे असे मी समजतो.

जमीन काय राखून ठेवते

प्रथम जमिनीविषयी. पौषातल्या पहाटे विहिरीवर अंघोळ केलेल्या माणसाला जमिनीचा स्वभाव पुस्तकावाचून ठाऊक असतो. वरची हवा बोचत असते आणि पोहऱ्यातले पाणी अंगाला कोमट लागते. तेच पाणी वैशाखात गार लागते. पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते हवा.

पॅरिसच्या वेधशाळेखाली सुमारे २८ मीटर खोल तळघरे आहेत. तिथली उष्णता उन्हाळा-हिवाळा जवळजवळ सारखीच राहते, हे शास्त्रज्ञांनी फार पूर्वी ताडले होते. १७८३ साली लाव्हाझिएचा एक नाजूक तापमापकही तिथे बसवण्यात आला. पुढे १८३७ पासून एडिंबरो येथे जेम्स फोर्ब्स या प्राध्यापकाने जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर लांब दांड्यांचे तापमापक पुरले आणि वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवली. त्यातून एक मोठी गमतीची गोष्ट दिसली. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत उतरते, पण अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीने. सात-आठ मीटर खाली पोहोचेपर्यंत तिला जवळजवळ सहा महिने लागतात. म्हणजे वर जानेवारीची थंडी पडलेली असते, तेव्हा खाली उन्हाळा नुकताच पोहोचत असतो! त्याच्याही खाली, दहा-पंधरा मीटरांनंतर, ऋतूंचा मागमूस राहत नाही. तिथली उष्णता त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर असते, आणि आणखी खाली गेल्यास शंभर मीटरमागे दीड ते तीन अंशांनी ती वाढत जाते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांतून वाफाळते पाणी येते, तशा उन्हाळ्यांविषयी मी बोलत नाही. तशी उष्णता भूगर्भातल्या मोजक्या ठिकाणीच वर येते. ती ज्याच्या वाट्याला आली तो भाग्यवान. मी बोलतो आहे ती जमीन अगदी सामान्य आहे. स्टॉकहोमच्या कुठल्याही घराच्या परसात शंभर मीटर खाली खडक असेल सात-आठ अंशांचा. हात लावला तर गारच लागेल. या गार खडकातून ऊब कशी काढायची, हा खरा प्रश्न.

पाणी उपसावे तशी ऊब

उत्तर आपल्या मोटेत आहे. पाणी आपणहून वरून खाली वाहते. खालून वर आणायचे तर बैल जुंपावे लागतात. उष्णतेचेही तसेच. ती आपणहून उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. थंडाकडून उष्णाकडे न्यायची असेल तर कोणीतरी राबले पाहिजे. मोटेच्या बैलाने पाणी निर्माण केलेले नसते, ते फक्त वर आणलेले असते. शेतकरी बैलाच्या घामाने शेत भिजवू म्हणाला तर एक वाफाही भिजणार नाही. पण त्याच बैलाला धावेवर चालवले तर मळा हिरवा होतो. विजेच्या शेगडीने खोली तापवणे हे बैलाच्या घामाने शेत भिजवण्यासारखे आहे. उष्मापंप त्याच विजेला मोटेला जुंपतो. एक भाग वीज राबते आणि जमिनीतून दोन-तीन भाग उष्णता वर आणते. घराला मिळतात तीन ते चार भाग.

हे ज्याला चमत्कार वाटेल त्याने बर्फाच्या कारखान्यात जावे. आमच्या संघटनेच्या कामात बंदरांवरच्या अशा कारखान्यांत मी पुष्कळ वावरलो आहे. पुढच्या बाजूला मिठाच्या पाण्याच्या टाकीत बर्फाच्या लाद्या तयार होत असतात, आणि मागच्या बाजूला कंडेन्सरच्या नळ्यांवरून पडणारे पाणी कोमट होऊन वाहत असते. लाद्यांतून जी उष्णता काढली तीच तिथे बाहेर पडते. अमोनिया हा तिचा हमाल. तो मोकळा होऊन वायू बनतो तेव्हा टाकीतली उष्णता पाठीवर घेतो, आणि कॉम्प्रेसरने दाबला की तापतो व ती मागे उतरवून पुन्हा पातळ होतो. कारखान्याला पुढचा बर्फ हवा असतो, मागचे कोमट पाणी तो फेकून देतो. उष्मापंपवाल्याला मागची ऊब हवी असते. यंत्र एकच, गरज उलटी.

या मोटेचे शास्त्र मांडले ते फ्रान्सच्या सादी कार्नोने, १८२४ साली. उष्णता उंचावरून पडताना काम करते, आणि काम खर्च केले तर ती पुन्हा चढवता येते, हा विचार त्याच्या छोट्या पुस्तकात आहे. बिचारा १८३२ साली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी पटकीने गेला. जेकब पर्किन्सने १८३४ साली लंडनमध्ये वायू दाबून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. आणि १८५२ साली ग्लासगोचा तरुण प्राध्यापक विल्यम टॉमसन, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला, याने स्पष्टच लिहिले की इमारती थंड करण्याच्या यंत्राने त्या तापवताही येतील, आणि सरळ कोळसा जाळण्यापेक्षा ते कितीतरी काटकसरीचे होईल. मौज अशी की एडिंबरोच्या जमिनीतल्या तापमापकांच्या नोंदींचा हिशेबही याच टॉमसनने १८६१ च्या सुमारास मांडला. जमिनीत ऊब टिकते हे त्याला ठाऊक होते, ऊब उपसता येते हेही त्याला ठाऊक होते. मोट आणि विहीर दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. पण मोट विहिरीला कोणी लावली नाही.

प्रत्यक्ष यंत्र चालवून पाहण्याचा मान ऑस्ट्रियाच्या पेटर रिटिंगरकडे जातो. हा खाणकामातला इंजिनियर. एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात खारे पाणी आटवण्यासाठी डोंगरच्या डोंगर लाकूड जळत असे आणि वाफ वाऱ्यावर जात असे. रिटिंगरने १८५६-५७ च्या सुमारास पाण्याच्या शक्तीने चालणारा दाबयंत्र लावून तीच वाफ दाबली, तापवली आणि पुन्हा कढईला दिली. कल्पना खरी ठरली. पण तापणाऱ्या पत्र्यावर मिठाची खपली धरू लागली आणि काम अखंड चालेना. पुढे वीस वर्षांनी स्वित्झर्लंडमधील एका मिठाच्या कारखान्यात तशी यंत्रणा नीट चालली. आणि १९१२ साली हाइनरिख त्सोली या स्विस इंजिनियराने जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाचे पेटंट घेतले. मोट आणि विहीर कागदावर तरी एकत्र आली.

कल्पना का निजली

मग हे यंत्र लगेच का पसरले नाही? इंजिनियर सांगतात की त्या काळची यंत्रे बोजड होती, वीज महाग होती, अमोनिया आणि सल्फर डायॉक्साइडसारखे वायू विषारी होते. हे खरेच आहे. बर्फाच्या एका कारखान्यात अमोनियाची नळी फुटली तेव्हा तोंडावर ओला पंचा बांधून पळणारी माणसे मी पाहिली आहेत. मुखवटे कपाटात होते आणि किल्ली मालकाच्या खिशात. असे यंत्र राहत्या घरात कोण घेईल?

पण एवढ्याने समाधान होत नाही. बाष्पयंत्रे काय कमी स्फोटक होती? तरी ती जगभर पसरली, कारण त्यांत पैसा होता. उष्मापंप निजला तो मुख्यतः कोळसा स्वस्त होता म्हणून. आणि कोळसा स्वस्त का होता, हा प्रश्न कामगाराने विचारलाच पाहिजे. १९०६ साली उत्तर फ्रान्समधील कुरिएर येथील खाणीत एका स्फोटात १,०९९ माणसे मेली. आपल्याकडे धनबादजवळ चासनाला येथे डिसेंबर १९७५ मध्ये खाणीत पाणी घुसून पावणेचारशे कामगार बुडाले. काळ्या धुळीने छाती भरून चाळिशीत म्हातारे झालेल्यांची तर मोजदादच नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे धुके पाच दिवस बसले आणि हजारो माणसे गुदमरून गेली. तेव्हा कुठे १९५६ साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला. हा सगळा हिशेब कोळशाच्या भावात कधी धरला गेला नाही. तो धरला असता तर टॉमसनचा लेख इतकी वर्षे कपाटात राहिला नसता, असे माझे मत आहे. जिथे माणूस स्वस्त असतो तिथे यंत्राला झोप लागते.

टंचाईने आलेली जाग

पहिली जाग आली ती ज्या देशाकडे कोळसाच नव्हता त्या देशात. स्वित्झर्लंडला कोळसा बाहेरून आणावा लागे, वीज मात्र डोंगरातल्या पाण्यापासून मुबलक मिळे. झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८ साली लिम्मात नदीच्या गार पाण्यातून ऊब घेणारा पंप बसला. हा पंप २००१ पर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ चालला. महायुद्धाने कोळशाची आवक आटली तेव्हा झुरिकमध्ये आणखी अशी यंत्रे बसली. इंग्लंडमध्ये नॉर्विच येथे नगरपालिकेच्या वीजखात्यातील जॉन समनर याने १९४५ साली जुन्यापान्या सुट्या भागांतून पंप जुळवला आणि वेन्सम नदीच्या पाण्यावर आपल्या खात्याची इमारत तापवून दाखवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ च्या कडक हिवाळ्यात, इंग्लंडात कोळशावाचून कारखाने बंद पडले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी तिथल्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. वेळ तर साधली होती. पण लवकरच पश्चिम आशियातले तेल स्वस्तात येऊ लागले आणि समनरचे यंत्र एक कौतुकाची वस्तू होऊन राहिले.

तात्पर्य, तेलाने कोळशाची जागा घेतली आणि यंत्र दुसऱ्यांदा निजले.

स्वीडनमध्ये काय घडले

आता आपण उत्तरेकडे जाऊ. स्वीडनजवळ स्वतःचे तेल नाही आणि म्हणण्याजोगा कोळसाही नाही. तरी १९७० च्या सुमारास त्या देशाच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तेलातून येत होती. घरोघर तळघरात तेलाची भट्टी आणि तेलाची टाकी. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखले. काही महिन्यांत पिंपाचा भाव सुमारे चौपट झाला. जानेवारी १९७४ मध्ये स्वीडनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले. ज्या देशात थंडी ही गैरसोय नसून मरणाची गोष्ट आहे, तिथे याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो. स्वीडिश लोकांनी अक्षरशः तेच केले, पण शहाणपणाने केले. १९७४ साली सरकारने ऊर्जेच्या प्रश्नावर लोकांच्या अभ्यासमंडळांना पैसा पुरवला. कामगारांच्या शिक्षणसंस्थेने १९१२ पासून रुजवलेली ही परंपरा. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी एकत्र बसून वाचत आणि वाद घालत. मार्च १९८० मध्ये अणुशक्तीवर सार्वमत झाले. १९७५ च्या बांधकाम नियमांनी भिंती-छपरे अधिक ऊब धरणारी केली. हे शेवटचे फार महत्त्वाचे. कालवा पाझरत असेल तर मोट कितीही चालवा, पाणी पिकापर्यंत पोहोचत नाही. गळक्या घराला उष्मापंप लावणे तसेच.

प्रथम त्यांनी परसात मीटरभर खोल नळ्या पुरल्या. त्यांतून न गोठणारे पाणी फिरवायचे आणि मातीची ऊब गोळा करायची. ओल्या मातीत यात एक निसर्गाचीच देणगी मिळते : पाणी गोठताना किलोमागे ८० किलोकॅलरी उष्णता सोडते. म्हणजे जमीन गोठू लागली तरी ती ऊब देतच असते. पण यासाठी परस मोठे लागते. मग त्यांनी सरळ खडकात भोक पाडायला सुरुवात केली. वीतभराहूनही कमी व्यासाचे, शंभर ते दोनशे मीटर खोल. त्यात प्लास्टिकची नळी वाकवून सोडायची, नळीत पाण्यात मद्यार्क मिसळून फिरवायचा, म्हणजे तो शून्याखालीही गोठत नाही. कडाक्यातली हवा तीस अंश शून्याखाली असेल, पण खडकातून वर येणारे पाणी शून्याच्या आसपास असते. घरातल्या नळ्यांना पस्तीस अंशांचे पाणी हवे असेल तर चढ पस्तीस अंशांचा. हवेतून ऊब घ्यायची तर तोच चढ पासष्ट अंशांचा. जितकी विहीर खोल तितके बैल दमतात, हा मोटेचा हिशेब इथेही तंतोतंत लागतो. अतिथंड देशात हवेपेक्षा जमीन बरी, याचे सगळे कारण एवढेच.

हे भोक पाडायची विद्या कुठून आली? खाणीतून. स्वीडन हा शेकडो वर्षांचा खाणींचा देश. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे टंगस्टन कार्बाइडची टोके असलेली हलकी छिद्रयंत्रे निघाली आणि कठीण खडक भराभर विंधता येऊ लागला. ज्या खाणकामगारांनी त्या विद्येला घाम दिला त्यांनीच डिसेंबर १९६९ मध्ये किरुनाच्या लोखंडाच्या खाणींत, आपल्याच युनियनच्या पुढाऱ्यांना न जुमानता, सुमारे पाच हजारांचा संप केला, हेही स्मरणात ठेवावे. आपल्याला हे दृश्य परके नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या काळ्या कातळात गावोगाव बोअर पडले. दाबलेल्या हवेवर खालच्या टोकाला ठोके देणारा तो हातोडा, तो आवाज, तो पांढरा धुरळा आपण पाहिला आहे. रिगवर राबणारी मुले ट्रकखालीच झोपतात आणि नाकातोंडात दगडाची पूड घेतात. हातोडा तिथेही तोच. आपण त्या भोकातून पाणी काढले, त्यांनी ऊब काढली. धुळीवर पाणी मारण्याची आणि राबणाऱ्याच्या छातीची काळजी घेण्याची सक्ती जिथे आहे, तिथेच या उबेला स्वच्छ म्हणावे. एरवी खाणीतला काळा धूर जाऊन विंधणीतला पांढरा आला, एवढेच होईल.

१९८० च्या आसपास स्वीडनमध्ये या पंपांची मोठी लाट आली. स्टॉकहोममध्ये तर समुद्राच्या पाण्यातून ऊब घेऊन सबंध वस्त्यांना नळाने पुरवणारे अजस्र पंप त्याच दशकात बसले. पण लाटेबरोबर फेसही येतो. अर्धवट शिकलेल्या ठेकेदारांनी आखूड भोके पाडली, यंत्रे बिघडू लागली. आणि १९८६ च्या सुमारास तेलाचे भाव कोसळताच धंदा बसला. यंत्र तिसऱ्यांदा निजणार असे दिसू लागले.

या वेळी ते निजले नाही, याची कारणे नीट पाहिली पाहिजेत. पहिले कारण, विद्या थांबली नाही. लुंडच्या विद्यापीठात योहान क्लासॉन आणि पेर एस्किलसन यांनी खडकातली ऊब वर्षानुवर्षे काढत राहिल्यास काय होते याचे गणित बसवले. एस्किलसनचा प्रबंध १९८७ चा. पाल्ने मोगेन्सेन याने १९८३ साली सुचवले की भोकातच ऊब सोडून खडक ती किती वाहतो हे मोजावे. १९९५-९६ मध्ये उत्तरेकडील लुलेओ येथे हे उपकरण गाडीवर बसवून गावोगाव नेता येईल असे बनले. अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. दुसरे कारण, राज्यसंस्था बाजूला उभी राहिली नाही. १९९१ साली जळणातील कार्बनवर कर बसला, म्हणजे धुराचा हिशेब प्रथमच भावात धरला गेला. १९९३ ते १९९५ या काळात सरकारी खात्याने घाऊक गिऱ्हाईक एकत्र करून कारखानदारांना सांगितले की अधिक चांगले आणि अधिक स्वस्त यंत्र करा, घेणारे आम्ही उभे करतो. पुढे जुन्या भट्ट्या बदलण्यास अनुदाने मिळाली, आणि डिसेंबर २००८ पासून घरदुरुस्तीतल्या मजुरीच्या खर्चावर कराची सवलत लागू झाली. विंधणीची मजुरीही त्यात धरली गेली. सवलत यंत्राच्या किमतीवर न देता मजुरीवर दिली, हे मला विशेष वाटते.

फळ असे की आज सुमारे एक कोटी वस्तीच्या त्या देशात जमिनीतून वा खडकातून ऊब घेणारे पाच लाखांहून अधिक पंप आहेत आणि तळघरातली तेलाची भट्टी जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. सदनिकांच्या मोठ्या इमारतींना बहुतांशी गावच्या सामाईक उष्णताकेंद्रातून नळाने गरम पाणी येते. म्हणून ज्याला स्वतःचे परस नाही तोही उघडा पडला नाही.

थंडीची शेवटची सीमा

पण कोणत्याही विहिरीला तळ असतो. सैबेरियातील याकुत्स्क येथे रशियन-अमेरिकन कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने १८२८ साली पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणायला लावली. गोठलेली जमीन संपेल आणि पाणी लागेल या आशेने ती १८३७ पर्यंत ११६ मीटर खोल गेली. पाणी लागले नाही; तळाशीही जमीन शून्याखालीच होती. पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने तिच्यात तापमापक सोडले आणि सदागोठित जमिनीचे पहिले खोल मोजमाप जगाला मिळाले. विहिरीला नाव शेर्गिनचे आहे. नऊ वर्षे त्या बर्फाळ अंधारात कुदळ मारणाऱ्यांचे नाव कुठे नाही.

अशा जमिनीवर ऊबदार घर सरळ बांधले तर घराची ऊब खाली झिरपते, जमीन वितळते आणि घर खचते; म्हणून याकुत्स्कच्या इमारती खांबांवर, खाली हवा खेळती ठेवून उभ्या आहेत. अलास्कात १९७७ साली पुऱ्या झालेल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या तेलवाहिनीला तर जमीन गोठलेलीच राहावी म्हणून एक लाख वीस हजारांहून अधिक अमोनियाच्या नळ्या लावल्या आहेत; हिवाळ्यात त्या आपोआप जमिनीतली ऊब हवेत सोडतात. म्हणजे तिथे जमिनीतून ऊब काढणे हे जमिनीच्या रक्षणाचेच काम ठरते.

त्याच अलास्कात फेअरबँक्स येथे, जिथे वर्षाची सरासरीच शून्याखाली आहे, शीतप्रदेशातील घरांवर संशोधन करणाऱ्या केंद्राने २०१३ साली आपल्याच इमारतीला जमिनीतला उष्मापंप लावला. जमीन जेमतेम शून्याच्या वर. हिवाळ्यात उपसलेली ऊब उन्हाळ्यात भरून यावी म्हणून नळ्यांवरच्या जमिनीवर कुठे गवत, कुठे वाळू-खडी असे प्रयोग त्यांनी केले. पंप चालला, पण पहिल्या काही वर्षांत त्याची कार्यक्षमता उतरत गेली, कारण जमीन दरवर्षी थोडी अधिक गार होत होती. सावकाराला ठाऊक असलेली गोष्ट इथे निसर्ग सांगतो : व्याजावर जगा, मुद्दलाला हात लावू नका. उन्हाळा आखूड असेल तिथे व्याज थोडे. म्हणून भोके अधिक खोल घ्यावी, दूर दूर घ्यावी. स्वीडनमध्ये दोन भोकांत वीस मीटर अंतर ठेवावे असा संकेत आहे, नाहीतर शेजारी शेजाऱ्याची ऊब पळवतो. विहिरीच्या पाण्यावरून भांडणारी आपली गावे हे लगेच समजतील.

पहिला खर्च कोणाचा

आता मुख्य गोष्ट. हे यंत्र चालवायला स्वस्त आहे, बसवायला महाग. भोक पाडण्याचा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो आणि त्याचे फळ वीस-तीस वर्षे मिळते. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो आज खर्च करून जन्मभर वाचवतो. ज्याचे हातावर पोट आहे तो रोज थोडे थोडे तेल घेऊन जन्मभर अधिक खर्च करतो. गरिबी महाग असते ती अशी. भाडेकरूचे तर विचारूच नका. यंत्र बसवायचे घरमालकाने आणि बिल भरायचे भाडेकरूने, मग मालक कशाला बसवील?

२०२३ साली जर्मनीत घरांच्या नव्या तापनयंत्रांविषयी कायदा येऊ घातला, तेव्हा त्यावरून मोठे वादळ उठले. आदल्या वर्षी युक्रेनच्या युद्धामुळे रशियाचा वायू आटला होता. गरज सर्वांना कळत होती. तरी लोक बिथरले, कारण खर्चाचा बोजा आपल्यावर पडणार हे त्यांना आधी दिसले आणि मदत नंतर दिसली. अखेर मुदती वाढवून आणि मोठी अनुदाने देऊन सप्टेंबर २०२३ मध्ये तो संमत झाला. लोक अडाणी आहेत, त्यांना विज्ञान नको, असे म्हणणाऱ्यांचे मला हसू येते. लोकांना विज्ञान हवे असते. त्याची हुंडी एकट्याच्या नावावर फाडलेली नको असते.

दुसरी गोष्ट विजेची. बैलाला चारा कुठला, हे पाहिल्याशिवाय मोटेचा हिशेब पुरा होत नाही. स्वीडनची वीज मुख्यतः पाण्यापासून आणि अणूपासून येते. जिथे वीज कोळशावर होते तिथे उष्मापंप धुराचा काही भाग शहरातून उचलून वीजकेंद्राच्या दारी नेतो. तीन-चार भाग ऊब मिळत असल्याने तरीही फायदा उरतो, पण तो किती हे वीजकेंद्र ठरवते. आणि जिथे कोळशाची खाण बंद होणार तिथल्या कामगाराच्या हाताला पर्यायी काम देण्याची जबाबदारी ज्यांना नवी ऊब मिळणार त्यांच्यावरही आहे.

आपला या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या मराठी मुलखाला या उबेची गरज नाही हे खरे. पण आपली मुले लडाखच्या ठाण्यांवर रॉकेलच्या बुखारीशेजारी हिवाळे काढतात, आणि ते रॉकेल घाट ओलांडून वर चढवावे लागते. लेहची वर्षभराची सरासरी उष्णता स्वीडनच्या दक्षिणार्धापासून फार दूर नाही. तिथला खडकही तोच नियम पाळणार. हा विचार आपल्या इंजिनियरांवर सोपवण्यासारखा आहे.

मित्रहो, या इतिहासातून मला एक गोष्ट घ्यावीशी वाटते. शोध लागला म्हणजे तो लोकांचा झाला असे होत नाही. कार्नो, टॉमसन, रिटिंगर यांनी एकोणिसाव्या शतकात जे दिले ते दोनदा निजले, कारण दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसावर आणि दुसऱ्या कोणाच्या तरी देशातल्या तेलावर जगाचे स्वस्तात भागत होते. ते जागे झाले टंचाईने. पण टिकले ते टंचाईने नाही. टंचाई तर १९८६ साली सरली होती. ते टिकले कारण एका समाजाने मोजमाप केले, धुराचा हिशेब भावात धरला, मजुरीचे मोल मानले आणि पहिला खर्च वाटून घेतला. जमिनीखालची ऊब कोणाच्या बापाची नाही. तीवर उन्हाळ्याचे ऊन सर्वांसाठी सारखेच पडलेले असते. तिच्यापर्यंत पोहोचणारी मोट मात्र सामाईक करावी लागते, आणि ती करणे हे संघटनेचे काम आहे.